मलेशियाच्या सुट्टीचं सुतक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबायला नको. हा किस्सा पहिल्यांदा सांगितला तेव्हा आमच्या कॉर्कच्या मराठी मंडळातल्या एका डॉक्टरीणबाईंना असा ठसका लागला, की त्यांच्याच पाठीवर थोपटायला दुसरा डॉक्टर बोलवावा लागला.

तर मी संदीप. मूळचा कराडचा, गेली काही वर्षं आयर्लंडमध्ये. कॉर्कच्या बंदराशेजारी रिंगास्किडी म्हणून गाव आहे. गाव कसलं, औषधांचे कारखाने आणि त्यांच्या पार्किंगमधून उरलेली चार घरं! त्यातल्या एका कारखान्यात मी व्हॅलिडेशनला आहे. मशीन नीट चालतंय हे मशीन सोडून बाकी सगळ्यांना पटवून द्यायचं, हे माझं काम. ऑफिसात माझं नाव सँडी.

आणि ऑफिसात मी जाणकार होतो. 'होतो' म्हटलं मी, लक्षात ठेवा.

कशातला जाणकार? सणांतला! त्याचं काय झालं, आयर्लंडला यायच्या आधी मी दोन वर्षं मस्कतला होतो. आता खरं सांगायचं तर माझं मस्कत म्हणजे कंपनीची बस, प्लांट, परत कंपनीची बस आणि शुक्रवारी बिर्याणी. पण रिंगास्किडीला हे कुठे माहीत? ईद कधी आहे, रमजानमध्ये मीटिंग किती वाजता ठेवावी, समोरच्याचा उपास असताना कॅमेऱ्यासमोर कॉफी प्यावी का, सगळे मलाच विचारायचे. मी पण खुर्चीत मागे रेलून, डोळे थोडे मिटून उत्तरं द्यायचो. बोलणारा मी आणि माना डोलावणारे ते, मग कशाला कोण खात्री करून घेतंय?

गेल्या वर्षी आमचं एक इंजेक्शन मलेशियातल्या कारखान्यात बनवायचं ठरलं. शेवटची चाचणी आमच्याकडे व्हायची होती, पण तिच्या आराखड्याला मंजुरी द्यायची होती मलेशियाच्या क्वालिटी हेडने. नाव हयाती. डोक्याला नीट स्कार्फ, तोंडावर कायम हसू, आणि चूक सापडली की त्याच हसऱ्या तोंडाने माणसाला सोलून काढणार. आमचं छान जमायचं.

आणि नेमकी त्याच वेळी माझी आई कराडहून आली होती. पहिल्यांदाच! वडील गेल्यानंतर ती एकदाही घर सोडून दिवाळीला कुठे गेली नव्हती. किती वर्षं मी 'ये, ये' करत होतो. शेवटी आली ती एका अटीवर. विमानतळावर उतरल्या उतरल्या तिने मला सुनावलं.

"ह्ये बघ संदीप, दिवाळीला तू घरात पायजेस. तुझ्या त्या हापिसाच्या मशिनी बघाया मी समुद्र वलांडून आल्याली न्हाई."

मी शब्द दिला. इथे लक्ष्मीपूजनाला सुट्टी कोण देतो? रजा टाकावी लागते. लक्ष्मीपूजन होतं मंगळवारी. मी मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर डेक्लन, कॉर्कचाच, माणूस सोन्यासारखा.

"ग्रँड," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी मलेशियाची मंजुरी घे, सोमवारीच चाचणी उरकू, मंगळवारी तू मोकळा. पण मंजुरी सोमवारी नाही आली, तर चाचणी मंगळवारी. मग मात्र तुला इथे यावं लागेल, सँडी. मशीन तुझं आहे."

म्हणजे सगळी दिवाळी त्या सोमवारवर टांगलेली. आलं ना लक्षात?

मी माझं कॅलेंडर उघडलं. मस्कतला असताना त्यात मुस्लिम सण टाकून ठेवले होते, त्यांच्या तारखा दर वर्षी आपोआप बदलत राहतात. बघितलं तर त्या सोमवारी काहीही नाही. दोन्ही ईद होऊन गेलेल्या. मी हयातीला झोकात मेल टाकली, 'तुमच्या सगळ्या सुट्ट्या तपासूनच हा सोमवार निवडला आहे.'

पंधरा मिनिटांत उत्तर. 'सॉरी संदीप, सोमवारी आमच्याकडे पब्लिक हॉलिडे आहे. सकाळी प्रार्थना असते, मग आम्ही सगळे एका घरी जमतो, दिवसभर लोक येत-जात राहतात. तुला तर मी वेगळं सांगायला नको!'

तुला तर मी वेगळं सांगायला नको!

आता तुम्ही म्हणाल, इथेच गड्याने विचारायला हवं होतं, की बाई, कुठली सुट्टी? बरोबर आहे तुमचं. पण 'तुला तर वेगळं सांगायला नको' असं कुणी म्हटल्यावर 'नाही, सांगच' म्हणायला केवढं मोठं मन लागतं! माझी तर छाती फुगली होती. बघा, आता मलेशियातूनही मान्यता!

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर माझी मुलगी ईरा, वय वर्षं दहा, जन्मापासून कॉर्क, तिने पुस्तकातून मान वर न करता मला विचारलं, "बट डॅडी, व्हाय डोंट यू जस्ट आस्क हर, लाइक?"

"असं विचारायचं नसतं," मी म्हटलं. "समोरच्याला वाईट वाटतं."

"राइट," ती म्हणाली आणि पान उलटलं.

मग मी डोकं चालवलं. मलेशियाबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, की तिथे राज्याराज्याचे सुलतान आहेत आणि राज्याराज्याच्या सुट्ट्या वेगळ्या असतात. म्हणजे ही सुलतानाचीच सुट्टी! बरं, सुलतानाचा वाढदिवस असता तर हयातीने मिरवणूक, बँड, काहीतरी लिहिलं असतं. इथे तर सकाळी प्रार्थना, मग एका घरी जमायचं आणि दिवसभर लोक येणार. मी महाराष्ट्रातला माणूस. आम्हाला सुट्ट्यांचे दोनच प्रकार पोटातून कळतात, जयंती आणि पुण्यतिथी. जयंती नाही, म्हणजे पुण्यतिथी!

झालं. दुसऱ्या दिवशी मी डेक्लनला सांगितलं, "त्यांच्या कुठल्याशा जुन्या सुलतानाची पुण्यतिथी आहे. मृत्यूचा दिवस. घरी प्रार्थना असते, आणि दिवसभर लोक भेटायला येत राहतात."

डेक्लनचा चेहरा एकदम पडला. "अरे, म्हणजे वेकच की!"

तुम्हाला सांगतो, आयरिश माणसाला दुसरं काही समजो न समजो, मयत समजतं. कुणी गेलं की घरात शवपेटीभोवती सगळं गाव जमतं, चहा होतो, सँडविच फिरतात, येणारा प्रत्येक जण घरच्यांचा हात हातात घेतो आणि 'सॉरी फॉर युवर ट्रबल' म्हणतो. त्याला म्हणतात वेक. डेक्लन तर आठवड्यातून एक तरी मयत गाठणारा माणूस, काळा टाय कायम गाडीत. मी सांगितलेलं वर्णन त्याला इतकं ओळखीचं वाटलं की त्याने पुढे एक प्रश्न विचारला नाही. आणि तो विचारत नाही म्हटल्यावर मलाही वाटलं, आपलं बरोबरच असणार!

असे दोन जाणकार एकत्र आल्यावर काय होणार?

तरी माझा मंगळवार होताच डोक्यात. मी हयातीला अगदी अदबीने लिहिलं, की या दिवशी त्रास देणं बरं दिसत नाही, पण माझी आई पहिल्यांदाच आली आहे आणि मंजुरी सोमवारी नाही मिळाली तर माझी मंगळवारची रजा जाईल. तुम्ही जिथे असाल तिथूनच दहा मिनिटं ऑनलाइन याल का?

'अरे, तुझ्यासाठी नक्की!' तिने लिहिलं. 'तुमच्या सकाळी साडेसातला कॉल लावते. टीमलाही घेऊन ये. आमच्याकडच्या सगळ्यांना तुम्हाला भेटायचंय.'

माझे डोळे पाणावले हो! दुःखाच्या दिवशी आमच्यासाठी वेळ काढणारी बाई. डेक्लन म्हणाला, "फेअर प्ले टू हर." म्हणजे, मानलं बाईला!

मग काय, मी टीमची बैठकच घेतली. टीम म्हणजे मी, डेक्लन आणि ओर्ला. ओर्ला आमची नवीन इंजिनिअर, उत्साही मुलगी, सांगाल ते वहीत उतरवून घेणारी. तिला मी सूचना दिल्या. हॅपी हा शब्द काढायचा नाही. कॅमेऱ्यासमोर खायचं-प्यायचं नाही. भडक कपडे नकोत. मोठ्याने हसायचं नाही. आणि सोमवारपर्यंत मलेशियाला एकही मेल नाही, त्यांना त्यांच्या दुःखात राहू द्या. मी स्वतः शुक्रवारी दुपारी मलेशियाच्या सगळ्या मेल म्यूट करून टाकल्या, आदर म्हणून!

"जुन्या सुलतानाचं नाव काय?" ओर्लाने पेन सरसावून विचारलं.

"ते नाव असं सहज घेत नाहीत," मी म्हटलं.

हे कुठून आलं माझ्या तोंडात? देवाशपथ, मलाही माहीत नाही.

रविवारी दुपारी मी काळी पँट इस्त्री करत होतो. माझी बायको गौरी वीकेंडभर हॉस्पिटलला ड्यूटीवर, सोमवारी सकाळी सुटणार. घरात आई, ईरा आणि मी. आई किचनमधली सगळी कपाटं, म्हणजे ईराच्या भाषेत प्रेस, उघडून बघत होती. तेल तापवायला छोटी वाटी शोधत होती.

"संदीप, सकाळी पाचला उठवते. तेल लावायचंय, उटणं मी आणल्यालं हाय."

"आई, उद्या नको गं. मला सातला ऑफिसला पोचायचंय. मंगळवारी लाव."

"मंगळवारी?" आईने वाटी खाली ठेवली. "आरं, पैली आंघूळ उद्या हाय. नरकचतुर्दशी."

"इथे आम्ही एकच दिवस करतो गं. लक्ष्मीपूजनाला. उद्या मलेशियात सुट्टी आहे, जुन्या सुलतानाची पुण्यतिथी, फार गंभीर दिवस आहे त्यांचा, तिकडे कॉल आहे."

आई माझ्याकडे बघत राहिली, मग काळ्या पँटकडे. "दिवाळीच्या दिशी काळं घालून चाललास व्हय रं?"

"त्यांच्यासाठी, आई. मान राखायला लागतो."

आता तुमच्यातले काही जण केव्हाचे गालातल्या गालात हसताय, ते दिसतंय मला. हसा. एका कानात आई ओरडून सांगत होती उद्या दिवाळी, दुसऱ्या कानात हयाती सांगत होती उद्या सुट्टी, आणि या दोन कानांच्या मध्ये जे काही होतं त्याला आम्ही डोकं म्हणायचो.

सोमवारी सकाळी बाहेर मिट्ट काळोख. मी हळूच दार ओढून निघालो. आई जागीच होती, किचनमध्ये पाट मांडून बसली होती. तिने नुसती तेलाची वाटी झाकून ठेवली, आणि ते मला उगाच कुठेतरी टोचलं.

ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये पोचलो तर डेक्लन काळ्या टायमध्ये, केस पाणी लावून बसवलेले. ओर्ला काळ्या स्वेटरमध्ये. तिने दिवा मंद केला होता आणि खिडकीचे पडदे अर्धे ओढले होते. "आमच्याकडे असंच करतात," ती कुजबुजली. टेबलावर तिने एक पांढरी मेणबत्ती पण आणून ठेवली होती, पेटवायला मात्र फायर सेफ्टीवाल्यांनी मनाई केली होती. कॉफीचे मग टेबलाखाली. आम्ही तिघं हात पुढे बांधून एका ओळीत बसलो.

साडेसात. कॉल लागला. स्क्रीन उघडली.

काय सांगू तुम्हाला! आधी नुसता पिवळाधमक उजेड. मग ढोल का काय ते वाजणारं गाणं. मग दिसल्या पणत्या, रांगेने. जमिनीवर ही एवढी मोठी रांगोळी, मोर काढलेला. मागे झेंडूची माळ. आणि मध्ये आमची हयाती, गुलाबी जरीचा झगा, त्याच रंगाचा स्कार्फ, हातात चकल्यांचं ताट. तिच्या आजूबाजूला पंधरा-वीस माणसं, साड्या, कुर्ते, पोरंटोरं, आणि सगळे एका सुरात ओरडले,

"हॅपी दीपावली, संदीप!"

मी म्यूटचं बटण शोधायला लागलो. पण डेक्लनला सांगून ठेवलं होतं ना मी, की सुरुवात तुम्ही करा, तुम्ही ज्येष्ठ! तो पुढे झुकला. डोळे खाली, आवाज घोगरा.

"सॉरी फॉर युवर ट्रबल, हयाती."

तिकडचं गाणं कुणीतरी बंद केलं.

"कोण गेलं?" हयातीने घाबरून विचारलं.

डेक्लनने माझ्याकडे बघितलं. ओर्लाने माझ्याकडे बघितलं. मलेशियातली पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"सुलतान," ओर्ला हळूच म्हणाली. "जुने."

"कुठला सुलतान?" हयाती म्हणाली. "आमचे तर काल टीव्हीवर दिसले!" मग तिची नजर आमच्या काळ्या कपड्यांवरून फिरली, मेणबत्तीवर गेली, माझ्या तोंडावर येऊन थांबली. आणि तिला हळूहळू सगळं कळायला लागलं. ते कळताना तिचा चेहरा कसा कसा बदलत गेला ते मी जन्मात विसरणार नाही.

"संदीप," ती म्हणाली, "तू हिंदू आहेस ना?"

"हो."

"आज दिवाळी आहे."

"हो… म्हणजे… तुमच्याकडे कशी?"

"कशी म्हणजे? आमच्याकडे सुट्टी असते दिवाळीची! ईदला सुट्टी, दिवाळीला सुट्टी, चिनी नव्या वर्षाला, ख्रिसमसला, सगळ्याला सुट्टी. या माझ्या शेजारच्या पार्वती आंटी, दर वर्षी अख्खी गल्ली यांच्या घरी असते आज. ईदला सगळे माझ्याकडे. तुमच्याकडे नाही का दिवाळीची सुट्टी?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हणून तू कामावर? मला वाटलं घरून बोलशील! अरे, मंजुरी तर मी शुक्रवारीच दिली, तुला आजचा दिवस घरी मिळावा म्हणून! मेल नाही बघितलीस? लिहिलं होतं की, सोमवारचा कॉल फक्त शुभेच्छांचा."

मी काय सांगू तिला? की बाई, तुझ्या सुतकात मी तुझी मेल म्यूट केली होती?

डेक्लनच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं होतं. मला वाटलं रागावला. तो हसू दाबत होता. ते दाबता दाबता त्याच्या नाकातून असा आवाज निघाला की ओर्ला फुटली, मग हयाती फुटली, मग मलेशियातलं अख्खं घर. तिकडे कुणीतरी परत गाणं लावलं.

तेवढ्यात पार्वती आंटी कॅमेऱ्यापाशी आल्या. भरजरी साडी, डोक्यात मोगरा, आपल्याकडच्या कुठल्याही मावशीने द्यावा तसा लुक. बोट माझ्यावर रोखून त्यांनी विचारलं, "यू! ऑइल बाथ, डन?"

मी मान खाली घातली.

"नो ऑइल बाथ?" आंटींनी कपाळाला हात लावला, आणि तिकडच्या सगळ्या बायकांनी एकदम जो सुस्कारा सोडला तो कॉर्कपर्यंत आला.

"ही आंघोळ नाही केली तर काय होतं?" डेक्लनने डोळे पुसत विचारलं.

ओर्लाने तोपर्यंत फोनवर शोधलं होतं. "इथे लिहिलंय, सूर्य उगवायच्या आत आंघोळ केली नाही तर तो माणूस नरकात जातो."

आता गंमत बघा. डेक्लनचं हसू थांबलं. रविवारी चर्च न चुकवणारा माणूस तो, नरक या विषयात आयरिश लोक चेष्टा करत नाहीत. त्याने उठून पडदा बाजूला केला. बाहेर अजून अंधारच होता. ऑक्टोबरात इथे सूर्य आठ वाजून गेल्यावर तोंड दाखवतो. पहाटेची आंघोळ आळशी माणसालाही जमावी असा हा देश आहे!

"गो ऑन, बॉय! पळ!" तो ओरडला. "चाचणी मी आणि ओर्ला करतो. मशीन तुझं असलं तरी बटण मलाही दाबता येतं. आज येऊ नकोस, उद्या येऊ नकोस. जा!"

मी पळालो. मागून मलेशियातून टाळ्या वाजत होत्या.

कॅरिगलाइनमधलं आमचं घर तिथून जवळच. गाडीत मला एकीकडे लाजेने घाम फुटला होता, आणि दुसरीकडे इतकं हलकं वाटत होतं म्हणता! अख्खे दोन दिवस रजा! दार उघडलं तर आई तशीच पाटाशेजारी बसलेली. ईरा अंगाला उटणं लावून, टॉवेल गुंडाळून कुडकुडत हजर. गौरी नुकतीच ड्यूटीवरून येऊन, डोळे चोळत चहा करत होती.

"आई, चुकलो," मी म्हटलं. "लाव तेल."

"सुलतानाचं झालं का मग?" आई म्हणाली. पण वाटीवरचं झाकण तिने लगेच काढलं, आणि बोटांनी टाळूवर तेल जिरवताना ती मनातल्या मनात काहीतरी गुणगुणत होती. किती वर्षांनी तिचा हात माझ्या डोक्यावर असा फिरत होता! सांगायला लाज कशाला, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तेल गेलं म्हणालो मी.

आंघोळ झाल्यावर पायाखाली फोडायला कारीट कुठून आणायचं इथे? गौरीने फ्रिजमधून ब्रसेल्स स्प्राउट काढून दिलं. हिरवंगार, कडू, आणि ईराच्या मते नरकासुराच्या लायकीचं. डाव्या अंगठ्याखाली घेऊन चिरडलं एकदाचं. बाहेर तेव्हा कुठे फटफटत होतं.

मग मी फराळाचं ताट घेऊन हयातीला परत फोन लावला. म्हटलं, केलेल्या गाढवपणाची माफी तरी नीट मागू. पण माझ्याशी बोलायला कुणाला वेळ होता? आईने फोन हातातून काढून घेतला. तिकडून पार्वती आंटींनी चकली दाखवली, इकडून आईने चकली दाखवली. दोघींनी एकमेकींच्या चकलीचे काटे निरखून बघितले. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, मध्ये दुभाषी आमची ईरा. मग हयातीने माझ्या आंघोळीची चौकशी केली, तशी आईने डोळे मोठे केले.

"हयाती, तुला गं कसं ठावं, की आज आंघूळ असती?"

"आज्जी इज आस्किंग, हाऊ डिड यू नो अबाउट द बाथ, लाइक?"

"मी लहानपणापासून आंटींच्या घरी येते ना," हयाती म्हणाली. "पाच वर्षांची होते तेव्हा त्यांनी त्यांच्या पोरांबरोबर मलाही धरून तेल लावलं होतं."

ईराने ते आईला इंग्रजीतच सांगितलं, पण आईला कळलं. तिने स्क्रीनवर हात फिरवून हयातीची अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली, आणि मग माझ्याकडे अशी एक नजर टाकली की तिच्यापेक्षा नरक परवडला.

चाचणी उत्तम झाली. ऑफिसातली माझी जाणकारी मात्र त्याच दिवशी संपली. आता कुठल्याही देशाच्या कुठल्याही सणाबद्दल प्रश्न आला की डेक्लन आधी मला खोलीबाहेर पाठवतो.

तेही चाललं असतं हो. पण परवा आईचा कराडहून फोन आला. आवाज असा खुशीत! म्हणाली, "संदीप, यंदाबी दिवाळीला येती मी. तिकीट काढ. पैल्या आंघुळीच्या आधी दोन दिस पोचाया पायजे."

मला इतका आनंद झाला! कॅलेंडर उघडून मी झटक्यात आंघोळीची तारीख सांगितली.

"तुझ्या तारखंवर मी इमानात बसू व्हय?" ती म्हणाली. "हयातीला इचार."

विचारलं मी हयातीला. तिने दोन मिनिटांत तारीख कळवली, त्याप्रमाणे तिकीट काढलंय.

माझी एका दिवसाने चुकली होती.